भाचीच्या नव्या हीटपंपासाठी

अगं, जर्मनीतल्या घराच्या अंगणात हीटपंप आणि तळघरात पाण्याची टाकी बसवलीस, फार छान केलंस. उठल्याउठल्या चहाआधी मोबाइलवर पंपाचा आकडा बघतेस म्हणे! बघ हो, पण एवढं लक्षात ठेव.

१. एका दिवसाच्या आकड्याने हुरळू नकोस, हिरमुसूही नकोस. वर्षभरात घराला मिळालेली उष्णता भागिले पंपाने खाल्लेली वीज, हाच खरा हिशेब — ऑक्टोबरात पाच दाखवणारा पंप जानेवारीत अडीचवर येऊ शकतो, आणि ऊब सगळ्यात जास्त लागते ती जानेवारीतच.

२. तुझा पंप हवेतून उष्णता घेतो, शेजाऱ्याचा जमिनीतून; त्याच्याशी बरोबरी नको — फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत केलेल्या मोजणीत (२०२०) हवेवरच्या पंपांची सरासरी ३.१ आली, जमिनीवरच्यांची ४.१. तुझा तीनच्या पुढे गेला तर निवांत झोप.

३. सगळ्यात मोठी चावी म्हणजे ‘हाइत्सकुर्व’, बाहेर किती थंडी पडली की पाणी किती तापवायचं ती रेघ. ती जमेल तेवढी खाली ठेव — पंप उष्णता बाहेरून शेंदून आणतो, आणि विहीर जेवढी खोल तेवढे हात भरून येतात; पाणी एक अंश कमी तापवलंस तर वीज साधारण दोन-अडीच टक्के वाचते. थंडीच्या आठवड्यात एक पायरी उतर, दोन दिवस थांब, गारठलात तर अर्धी पायरी चढ. घाई करू नकोस, फरशीखालच्या नळ्यांना बदल कळायला वेळ लागतो. पाणी कोमट, बिल मवाळ.

४. खोल्याखोल्यांतले थर्मोस्टॅट बंद करत हिंडू नकोस — वाहतं पाणी कमी झालं की पंप सारखा चालू-बंद होतो, त्यात वीजही जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही.

५. आणखी मोठ्या टाकीचा मोह आवर — हजार लीटर पाणी दहा अंशांनी तापवलं तर साडेअकरा युनिट उष्णता साठते, आणि कडाक्याच्या दिवशी घर ती दोन-तीन तासांत संपवतं. टाकी मोठी, बचत छोटी.

६. म्हणून टाकी काढूनच टाकायला मात्र निघू नकोस — शून्याच्या आसपासच्या दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं, आणि ते वितळवायची उष्णता पंप घरातल्या पाण्यातूनच घेतो.

७. टाकी भरायची ती दुपारी — तेव्हा हवा पहाटेपेक्षा उबदार असते आणि छपरावरचे सौर पॅनेलही कामाला लागलेले असतात. २०२५ पासून तिथल्या वीज कंपन्यांना तासागणिक बदलत्या दराची योजना द्यावीच लागते. पण स्वस्त तासांसाठी पाणी दहा अंश जास्त तापवलंस तर वीज जवळजवळ पाव हिश्शाने वाढते, तेव्हा दर त्याहून जास्त उतरला असेल तरच तो खेळ खेळ.

८. पंपातून निघणारं पाणी आणि फरशीत शिरणारं पाणी, दोन्हींचं तापमान एकदा बघ. ३८ अंशांचं निघून ३४चं पोचत असेल तर टाकीत गरम-गार मिसळतंय. बसवणाऱ्याला बोलावून दोन्हीकडचा प्रवाह जुळवून घे — चार अंश म्हणजे आठ-दहा टक्के वीज. माझ्या मते नव्या घरांत सगळ्यात जास्त वीज इथेच मुकाट्याने गळते.

९. पंपाच्या आतली, पाणी तापवणारी विजेची कांडी किती तास चालली ते महिन्याला तपास — ती एका युनिटला एकच युनिट उष्णता देते.

१०. बाहेरच्या युनिटपुढची पानं आणि बर्फ झाडत जा — हवा अडली की पंपाची दमछाक.

११. उष्णतेचा आणि विजेचा, दोन्ही मीटरचे फोटो दर वर्षी ३० जूनला काढ — म्हणजे अख्खा हिवाळा एकाच हिशेबात येतो. ते दोन आकडे मलाही पाठव.