आगगाडीतले अनोळखी सोबती



आपल्या सापगावाहून शहापूर, शहापूरहून आसनगाव स्टेशन, आणि आसनगावहून लोकल गाडीने मुंबई. ही वाट आता कोणाला नवी राहिलेली नाही. कोणी कामाला जातो, कोणी दवाखान्यात, कोणी लेकीच्या घरी. पण वाटेत भेटणारी माणसे आपण नीट पाहतो का? पाहिली तर हसूही येते आणि शिकायलाही मिळते.

आमच्या आळीत एक तात्या आहेत. वय साठीच्या पुढे. जन्म शेतीत गेला. दोन वर्षांपूर्वी आमच्या रात्रीच्या वर्गात बसून ते लिहायला-वाचायला शिकले. मुंबई त्यांनी फारशी पाहिली नव्हती. दादरला भाची राहते, तिच्या घरी बारसे होते. तात्या म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सोबत असाल तर जातो." मी म्हटले, "चला."

सकाळी आसनगावला पोचलो. फलाटावर माणसे उभी होती, पण सारखी पसरलेली नव्हती. इथे दहा जणांचा घोळका, मग मोकळी जागा, पुन्हा दहा जण. तात्यांनी विचारले, "हे असे ढीग करून का उभे राहिलेत?" मी म्हटले, "थांबा, कळेल." गाडी आली. बरोबर त्या घोळक्यांसमोरच डब्यांची दारे आली! जमिनीवर कसली खूण नाही. पण रोजच्या माणसाच्या पायांना ती जागा पाठ झालेली असते. आपला बैल नाही का, कासरा सोडला तरी बरोबर आपल्या गोठ्याकडे वळतो? तसेच हे.

आत शिरून पाहतो तर एका बाकावर माणूस नाही, नुसता हातरुमाल पसरलेला. दुसऱ्या बाकावर पिशवी. आणि उभी असलेली माणसे त्या रुमालाला मान देऊन बाजूला उभी! तात्या म्हणाले, "काय वो गुरुजी, आपल्याकडं हातभर बांधासाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात. इथं तर रुमालावर सातबारा होतो!" डब्यातली माणसे खो खो हसली.

वासिंद गेले, खडवली गेले. टिटवाळा आले. समोरचा माणूस डोळे मिटून डुलक्या घेत होता. टिटवाळा येताच त्याने झोपेतच हात जोडले, गणपतीला नमस्कार केला, आणि पुन्हा मान टाकली. त्याला कोणी उठवले नाही. रोजची सवयच त्याला जागे करते.

कल्याणला गर्दी वाढली. तीन माणसांच्या बाकाशी चौथा येऊन उभा राहिला. तो एक शब्द बोलला नाही. नुसते बोट जरा हलवले. तिघेही मुकाट्याने सरकले आणि चौथा अर्ध्या अंगाने टेकला. याला तिथे 'चौथी सीट' म्हणतात. अर्धे अंग हवेत, पण चेहऱ्यावर समाधान असे की जणू गादीवर बसला आहे.

मग एकाने तात्यांना विचारले, "काका, कुठे उतरणार?" तात्यांना फार बरे वाटले. कोणीतरी आपुलकीने चौकशी केली! ते सांगू लागले, "दादरला. आमची भाची असते तिथं. धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. पहिला मुलगा झाला तिला..." तो माणूस मध्येच म्हणाला, "दादर ना? मग तुमची जागा माझी." आणि मोकळा झाला. तात्या माझ्याकडे बघतच राहिले. मी हळूच सांगितले, "तात्या, चौकशी तुमची नव्हती, जागेची होती."

पण गंमत पुढेच आहे. दादर येईपर्यंत आणखी तिघांनी तीच जागा मागितली. तात्यांनी प्रत्येकाला सांगितले, "ह्या भाऊंना दिली आहे." आणि तिघांनीही ते मानले. कागद नाही, साक्षीदार नाही, सही नाही. नुसत्या शब्दावर जागा राहिली.

शेजारी एक तरुण होता. कानात बारीक तारा घातलेल्या. तो एकदम म्हणाला, "जेवलास का?" तात्या म्हणाले, "हो, न्याहारी करून निघालो." तो म्हणाला, "मग घरी कधी येणार?" तात्या म्हणाले, "बाबा, तुझं घर कुठं आहे तेच ठाऊक नाही!" तो मोबाइलवर भावाशी बोलत होता. त्याला कळले तेव्हा तोही लाजून हसला.

अशा किती तरी गमती. कुठल्या डब्यात टाळ वाजवून भजन चालते. परतीच्या वेळी बायकांच्या डब्यात मेथीची जुडी निवडून होते. घरी गेल्यावर फक्त फोडणी द्यायची बाकी.

तात्या म्हणाले, "गुरुजी, माणसं हुशार आहेत, पण कोरडी आहेत. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत."

मंडळी, असे का होते ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर. डबे १४ आणि प्रवासी सुमारे ४००. त्या दिवशी एकमेकांची विचारपूस करायला सवड असेल. आज मुंबईच्या लोकल गाड्यांतून रोज ६० लाखांहून अधिक फेऱ्या माणसे करतात. प्रत्येकाला 'राम राम, कुठले पाहुणे?' म्हणायचे ठरवले तर कामावर जाणार कधी? म्हणून तिथे माणूस डोळे मिटतो, कानात तारा घालतो. एवढ्या गर्दीत तोच त्याचा उंबरठा.

आणि आपण तरी कमी आहोत का? माहुली किल्ला पाहायला शहरातली मुले येतात. आपण पारावरून विचारतो, "कुठले? कोणाकडे आलात? आडनाव काय? पगार किती?" ती मुले घरी जाऊन आपली गंमत सांगत असतील. ज्याला जे रोजचे, ते त्याला दिसत नाही. ते दुसऱ्याला दिसते.

आता परतीची हकिगत ऐका. ही मात्र हसण्यासारखी नाही.

संध्याकाळी दादरच्या फलाटावर आम्ही उभे होतो. कल्याणची गाडी आली. ती आपली नव्हती. पण मागून असा लोंढा आला की तात्या माझ्या हातून सुटले आणि लोंढ्याबरोबर डब्यात गेले. गाडी सुटली. मी फलाटावर. तात्यांचा मोबाइल घरी राहिलेला. माझ्या पायांतले बळच गेले.

डब्यात तात्याही घाबरले. पण त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती. निघताना मी म्हटले होते, "तात्या, माझा नंबर तुमच्या हाताने लिहून ठेवा." त्यांनी एकेक आकडा जपून काढला होता. त्यांनी ती चिठ्ठी शेजारच्या मुलापुढे धरली. त्याच्याही कानात तारा होत्या. त्याने तारा काढल्या, चिठ्ठी वाचली आणि मला फोन लावला. म्हणाला, "काळजी करू नका. आजोबांना कल्याणला घेऊन थांबतो."

त्याला उतरायचे होते डोंबिवलीला. तो उतरला नाही. कल्याणपर्यंत आला. फलाटावर तात्यांना बाकावर बसवले, पाणी आणून दिले. मागून एक गाडी आली. तात्यांनी पाटीवरची अक्षरे जुळवली: क-सा-रा. म्हणाले, "ही आसनगावला थांबते, पण गुरुजी हिच्यात नसतील तर?" मुलाने मला पुन्हा फोन केला. मी त्याच गाडीत होतो. त्याने तात्यांना माझ्या डब्याशी आणून सोडले. मी नाव विचारले. तो म्हणाला, "चालायचंच, काका." आणि कानात तारा घालून गर्दीत गेला.

तात्या आसनगावपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, सकाळचा माझा शब्द मी मागं घेतो."

२६ जुलै २००५ रोजी असेच झाले होते. मुंबईच्या सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद पडल्या. लाखो माणसे वाटेत अडकली. तेव्हा अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली, हाताला धरून पाण्यातून नेले. रोज जे नाव विचारत नाहीत, त्यांनी त्या दिवशीही नाव विचारले नाही. आधी हात दिला.

आणि तसे पाहिले तर ती माणसे आपल्याला परकी कुठे आहेत? आपली भातसा नदी गावाजवळून वाहत जाते. पुढे पिसे येथे तिचे पाणी उचलून मुंबईला नेतात. त्या तरुणाने तात्यांना दिलेल्या पाण्यासारखेच आपण रोज मुंबईला पाणी देतो. त्यांनाही आपले नाव ठाऊक नाही.

लक्षात ठेवा

१. प्रवासाला निघताना आपले नाव, गाव आणि घरच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइल असला तरी ठेवा.
२. गाडीत चढण्यापूर्वी पाटी वाचा. कल्याणची गाडी आसनगावला जात नाही. आसनगावची किंवा कसाऱ्याची गाडी जाते.
३. धावत्या गाडीत चढू नका, दारात लोंबू नका. रूळ ओलांडू नका, पुलावरून जा. एक गाडी चुकली तर दुसरी येते.
४. चुकामूक झाली तर पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरून एकाच जागी थांबा. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हा नंबर आहे.
५. आपल्या गावात कोणी वाट चुकलेला आला, तर आडनाव नंतर विचारा. आधी पाणी द्या.

प्रश्न

१. "कुठे उतरणार?" या प्रश्नाचा तात्यांनी काय अर्थ घेतला? खरा अर्थ काय होता?
२. तात्यांना संकटात कोणत्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या?
३. तात्यांनी आपला कोणता शब्द मागे घेतला? का?
४. तुमच्या प्रवासात अनोळखी माणसाने केलेली मदत पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.