व्यायामाची दैनिक नोंद : चालणे व शक्तिवर्धक व्यायाम

शाळेतील हजेरीपट अचूक असतो, पाठटाचण वेळेवर लिहिले जाते. परंतु व्यायामाच्या तासात मुलाने काय केले व गेल्या महिन्याच्या मानाने त्याची प्रगती किती झाली, याची नोंद क्वचितच आढळते. आता भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप पावले मोजते, व्यायामाच्या फेऱ्या टिपून ठेवते व आठवड्याचा आलेखही काढून देते. फिट इंडियाचे अ‍ॅप २९ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हापासून अनेक शिक्षकांनाही अशा नोंदीचा परिचय झाला आहे. मात्र अ‍ॅपने दाखविलेला आकडा कसा तयार होतो व त्यात काय सुटते, हे समजल्यावाचून त्याचा वर्गात उपयोग करणे इष्ट नव्हे.

मोजमापाची परंपरा

मावळ तालुक्यास हा विषय परका नाही. स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी तरुणपणी बडोद्यास प्रा. माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने तपासले आणि आपले निष्कर्ष त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. व्यायामाचा गुण सांगण्यापूर्वी तो मोजून पाहावा, हा त्यांच्या कार्याचा धडा प्राथमिक शाळेसही लागू पडतो.

अ‍ॅप पावले कशी मोजते

भ्रमणध्वनीत हालचालीचा वेग किती बदलला हे टिपणारा एक सूक्ष्म घटक असतो. चालताना शरीर ठरावीक लयीत वरखाली होते. ती लय ओळखून अ‍ॅप एकेक पाऊल धरते. म्हणून हात नुसता हलविला तरी काही वेळा पावले वाढतात, आणि यंत्र टेबलावर राहिले तर मैलभर चालूनही आकडा शून्यच राहतो. अंतर काढताना अ‍ॅप पुष्कळदा सरासरी लांबीचे पाऊल गृहीत धरते. मुलाचे पाऊल प्रौढाहून आखूड असल्याने तेथे चूक संभवते.

दररोज १०,००० पावलांचे प्रमाणही पारखून घ्यावे. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच ‘दहा हजार पावले’ असा अर्थ होता. तेथून हा आकडा रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी जी शिफारस केली, ती पावलांत नसून वेळात आहे : दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम. प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम व किमान २ दिवस शक्तिवर्धक व्यायाम सांगितला आहे.

प्रात्यक्षिक पाठ (इयत्ता ४ थी व ५ वी)

साहित्य : मोजपट्टी किंवा दोरी, चुन्याची भुकटी, वही.

मैदानावर १०० मीटर अंतर आखावे. प्रत्येक मुलाने नेहमीच्या चालीने ते चालून आपली पावले मोजावीत. एखाद्या मुलीची २०० पावले झाली, तर १०० मीटरला २०० ने भागून तिचे पाऊल ५० सेंटिमीटरचे ठरते. हीच मुलगी १,६०० मीटर दूरच्या वाडीतून येत असेल, तर जाण्यायेण्याचे ३,२०० मीटर म्हणजे ६,४०० पावले होतात. भागाकार, एकक व सरासरी हे गणिताचे घटक येथे आपोआप येतात.

पुढे चढाचा विचार करावा. मळवलीहून लोहगडास सहल गेल्यास गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा या प्रत्येक दरवाजापाशी थांबून मुलांनी आपली नाडी अर्धा मिनिट मोजावी व दुप्पट करून लिहावी. इंद्रायणीकाठच्या सपाट वाटेवरील तेवढ्याच पावलांनंतरची नाडी दुसऱ्या दिवशी मोजावी. पावले सारखी असली तरी श्रम सारखे नसतात, हे मुलांना स्वतःच्या मनगटावर कळते.

शक्तिवर्धक व्यायामाची नोंद

जोर व बैठका यांची नोंद पुढील पाच रकान्यांत करावी : (१) वार व दिनांक, (२) व्यायामप्रकार, (३) फेऱ्या व प्रत्येक फेरीतील संख्या, (४) फेऱ्यांमधील विश्रांती, (५) शेरा.

उदाहरणार्थ, सोमवारी ८ बैठकांच्या ३ फेऱ्या झाल्या, म्हणजे एकूण २४. तिन्ही फेऱ्या शुद्ध रीतीने पूर्ण झाल्यावरच पुढील आठवड्यात प्रत्येक फेरीत १ बैठक वाढवावी. एकूण २७ होतील. स्नायू थोड्या अधिक भाराने व त्यानंतरच्या विश्रांतीने बळकट होतात. म्हणून जोर-बैठकांच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. अर्ध्यावरच वाकून काढलेल्या ३० बैठका वहीत मोठ्या दिसतात, पण त्यांवरून पुढचा भार ठरविणे चुकीचे होते. याकरिता शेऱ्याच्या रकान्यात ‘गुडघे दुखले’, ‘शेवटची फेरी अपुरी’ असे खरे शब्द यावेत. मावळात पावसाळ्यात मैदान निरुपयोगी होते. त्या दिवसांत ओसरीवर हाच क्रम चालू ठेवता येतो.

नोंदीत न येणारे श्रम

वरील उदाहरणातील मुलीच्या घरी भ्रमणध्वनी एकच असून तो वडिलांबरोबर कामावर जातो, असे समजावे. अ‍ॅपच्या तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य दिसेल. वास्तविक ती सकाळी पाण्याचा हंडा आणते, दोन्ही वेळा वाडीची वाट चालते, आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपे लावते. शून्य पाहून शिक्षकाने तिला ‘आळशी’ म्हटले व दोन फेऱ्या जादा दिल्या, तर थकलेल्या मुलीवर आणखी भार पडेल. शिवाय आपल्या श्रमांना शाळेत किंमत नाही, असा तिचा समज होईल. या उलट मोटारीतून येणाऱ्या मुलास वडिलांच्या यंत्रातील पावले दाखवून शाबासकी मिळेल. म्हणून शाळेची मूळ नोंद वहीतच असावी व तीत ‘घरचे व वाटेवरचे श्रम’ असा सहावा रकाना असावा. अ‍ॅपचा आकडा उपलब्ध असल्यास तो केवळ पडताळ्यासाठी घ्यावा.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

मुलांचे वजन व नोंदी वर्गात मोठ्याने वाचू नयेत, अगर भिंतीवर क्रमवार लावू नयेत. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागील महिन्याशी करावी. आजारी मुलाच्या रकान्यात ‘विश्रांती’ असे लिहावे व ती उणीव मानू नये. धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ आल्यास व्यायाम तत्काळ थांबवून पालकांस कळवावे व मुलास वैद्यांकडे पाठवावे.

शिक्षकांनी प्रथम स्वतःची नोंद चार आठवडे ठेवून पाहावी. चुकलेला दिवस कोरा ठेवण्याची सवय स्वतःस लागली, म्हणजे मुलांच्या वहीतील कोरा रकानाही ते समजुतीने वाचतील, आणि मुलेही खरे तेच लिहितील.