दोन खानेसुमाऱ्यांमधील बालके

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) इंग्लंडात धनिकांची पत्रे, तसबिरी व थडगी मागे राहिली. गिरणीत राबणाऱ्या कुटुंबाचा माग काढावयाचा तर बहुधा दप्तरांचाच आधार घ्यावा लागतो. त्या घरातील मुले बाळपणीच वारली असतील, तर हा शोध कसा करावा, हे या पाठात पाहू.

पहिले साधन खानेसुमारी. १८४१ पासून तीत घरातील प्रत्येकाचे नाव लिहिले जाऊ लागले, व १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही. परंतु ती दहा वर्षांनी एकदा होई. ३० मार्च १८५१ नंतर जन्मून ७ एप्रिल १८६१ पूर्वी वारलेले बालक कोणत्याच यादीत सापडत नाही. म्हणून यादीत चार मुले दिसली, तर आईला चारच झाली असे समजू नये. दोन भावंडांच्या वयांत चार-पाच वर्षांचे अंतर असेल, तेथे विशेष शोध करावा.

दुसरे साधन जन्ममृत्यूची सरकारी नोंद. ती इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. आज मिळणाऱ्या सूचीत जन्मापुढे आईचे माहेरचे आडनाव व मृत्यूपुढे वय दिलेले असते. आईबापांची दोन्ही आडनावे जुळणारे जन्म क्रमाने मांडावे, आणि मग एकेक नाव मृत्यूंच्या सूचीत पाहावे. १८७५ पूर्वी काही जन्म नोंदविल्यावाचून राहत. तेथे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या वह्या उपयोगी पडतात. मृत्यूच्या दाखल्यात रोग व बापाचा धंदा असतो. खबर देणारी पुष्कळदा आईच असे, आणि लिहिता येत नसल्यास सहीच्या जागी तिची फुली आढळते.

तिसरे साधन १९११ ची खानेसुमारी. तीत विवाहित स्त्रियांना विचारले गेले की, या विवाहापासून किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत व किती वारली. या तीन आकड्यांशी आपली यादी ताडून पाहावी.

गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, स्कार्लेट ताप व उन्हाळ्यातील हगवण हे त्या मुलांचे मुख्य शत्रू होते. ते वाड्यातही शिरत. कार्लाइल येथील डीन आर्चिबाल्ड टेट, जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, यांच्या पाच मुली १८५६ च्या मार्च-एप्रिलात स्कार्लेट तापाने वारल्या. तथापि दाट वस्ती व घाण पाणी यांचा भार मजुरांवर अधिक पडला. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालाप्रमाणे मँचेस्टरातील मजूर कुटुंबांत मृतांचे सरासरी वय १७ होते, तर रटलंडच्या खेड्यांतील मजुरांत ३८. मँचेस्टरातील मोठी माणसे सतराव्या वर्षी मरत, असा याचा अर्थ नव्हे. लहान मुले इतकी मरत की सरासरी तेथवर खाली येई.

एका घरात एकच नाव दोन मुलांना दिलेले आढळले, तर ती लेखनिकाची चूक समजून दोघांचे एक करू नये. वारलेल्या बालकाचे नाव पुढच्यास देण्याची तेव्हा चाल होती. ती पाहून आईबाप निष्ठुर होते असे कित्येक म्हणतात. परंतु याच लोकांनी, आपल्या लेकराला सरकारी खर्चाने दरिद्र्यांच्या सामाईक खड्ड्यात पुरले जाऊ नये म्हणून, दफनखर्चाच्या मंडळ्यांत आठवड्याला पेनी-पेनी भरली. त्या पैशासाठी मुले मारली जातात असा संशयही त्यांच्यावर घेतला गेला, आणि १८७५ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मुलाबद्दल सहा पौंडांहून अधिक देण्यास मनाई झाली. पोटाला चिमटा घेऊन पेनी साठविणाऱ्या त्या आईला निष्ठुर म्हणणे आम्हांस रास्त वाटत नाही.

म्हणून वंशावळ लिहिताना, ज्यांचा वंश पुढे चालला त्यांचीच नावे लिहून थांबू नये. तीन आठवडे जगलेल्या बालकासही त्याच्या भावंडांत, जन्माच्या क्रमाने, नावानिशी जागा द्यावी. त्याच्या आईने त्याला आपल्या मुलांत मोजले होते.