खुल्या खाणीत पाऊल टाकण्यापूर्वी



चंद्रपूर जिल्ह्यात आणि वणीच्या पट्ट्यात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघते. गोंड, कोलाम, माडिया पाड्यांवरची तरुण मुले ठेकेदारामार्फत अशा कामाला लागतात. म्हणून या वेळचा पाठ त्यांच्यासाठी. गावबैठकीत तो वाचावा आणि गोंडी किंवा कोलामीत समजावून सांगावा. धोक्याची गोष्ट आपल्या बोलीत लवकर उमगते.

१. आधी शिकवणी, मग काम

नव्या कामगाराला कामावर लावण्याआधी प्रशिक्षण देणे १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी बंधनकारक केले. ठेकेदाराचा माणूस यातून सुटत नाही. १८ वर्षांखालील मुलाला तर खाणीत कामावर ठेवताच येत नाही.

तरीही शिकवणी न देता कागदावर अंगठा घेतल्याचे मी गावांतून ऐकते. तो अंगठा म्हणजे ‘मला सगळे शिकवले’ ही कबुली. उद्या अपघात झाला तर तोच कागद तुमच्यापुढे धरला जाईल. शिकल्याशिवाय सही नाही, हे घरातल्या मोठ्यांनीही मुलांना बजावावे.

२. नीट ऐकण्याच्या गोष्टी

डंपर : चालक उंचावर बसतो. चाकाजवळचा, मागचा आणि बाजूचा माणूस त्याला दिसत नाही. चालकाने आपल्याला पाहिले, हात केला, मगच जवळ जावे. उन्हाळ्यात डंपरच्या सावलीत कधीही झोपू नये.

सुरुंग : भोंगा झाला की सांगितलेल्या आसऱ्याला जावे. कोळसा खाणीत ५०० मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा मानतात. सर्व ठीक असल्याचा इशारा होईपर्यंत परतू नये. न फुटलेल्या सुरुंगाला हात लावू नये, अधिकाऱ्याला कळवावे.

कडा : पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेल्या खाणीत कड्याच्या पायथ्याशी बसू नये आणि वरच्या काठावर उभे राहू नये. पावसानंतर भेगा दिसल्या तर लगेच सांगावे.

पट्टा : कोळसा वाहणाऱ्या चालत्या पट्ट्याजवळ गळ्यात दुपट्टा नको. पट्टा ओलांडू नये. बंद केल्याशिवाय साफ करू नये.

धूळ : दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. पाणी मारून धूळ दाबावी, मास्क वापरावा. हेल्मेट आणि बूट फुकट मिळाले पाहिजेत. त्यांचे पैसे मजुरीतून कापू देऊ नयेत.

३. ‘समजले नाही’ म्हणायला शिकावे

आपली मुले लाजाळू. हिंदीत सांगितलेले कळले नाही तरी मान डोलावतात. शिकवणाऱ्याला वाटते, समजले. खाणीत ही मान डोलावणे जीवावर बेतते. बैठकीत मी मुलांना एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावते : “साहेब, समजले नाही, पुन्हा सांगा.” पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा म्हणतात.

शिकवणीशिवाय कामावर लावले तर आधी खाणीच्या व्यवस्थापकाला सांगावे. दाद लागली नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला लेखी कळवावे. अर्ज लिहायला गावातल्या शिकलेल्याने मदत करावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातून खाणीत कोण कोण जाते? त्यांना शिकवणी मिळाली का?
२. कोणत्या कागदावर सही केली, हे त्यांना ठाऊक आहे का?
३. भोंगा झाल्यावर काय करायचे, हे प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगावे.