निरोप्या नामदेव जाधव

वैनगंगेकाठच्या आपणां विद्यार्थ्यांस नदी पायउतार ओलांडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. इटलीतील सेनिओ नदी तिच्यापुढे ओढाच. परंतु तिचे पूरबांध उंच, आणि १९४५ च्या एप्रिलात ते सुरुंगांनी व जर्मन मशीनगनांनी भरलेले होते.

निमज (जि. अहमदनगर, आजचा अहिल्यानगर) येथील शिपाई नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत कंपनीचे ‘रनर’, म्हणजे धावत निरोप पोचविणारे, होते. ९ एप्रिल रोजी कंपनी-कमांडरांसमवेत ते नदी उतरले, तोच गोळ्यांचा वर्षाव झाला. कमांडर व दोन जवान घायाळ झाले. जाधवांखेरीज बाकीचे ठार झाले. त्यांनी एका जखमीस उचलून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले, आणि दुसऱ्यासाठी ते परत फिरले. (शर्यतीत मागे फिरणाऱ्यास आपण कधी बक्षीस दिले आहे काय?) तिसऱ्या खेपेस त्यांनी एक मशीनगन बंद पाडली. हाताच्या जखमेमुळे बंदूक चालवेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बांनी आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. मग उघड्या बांधावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, त्यांनी खोळंबलेल्या कंपन्यांस हाताने पुढे बोलाविले.

तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.