खिडक्यांच्या फटी बुजवण्याआधी

जोयडा तालुक्यात खिडक्यांच्या फटी बुजवायच्या असतील तर ते काम मार्च-एप्रिलमध्ये करू नका. त्या दिवसांत लाकूड वाळून आक्रसलेलं असतं आणि फट आहे त्याहून मोठी वाटते.

आमचं घर रामनगरचं, सुपा धरणात जमिनी गेलेल्यांच्या वस्तीतलं. खिडक्या जुन्या घराच्या आहेत. पाणी चढण्याआधी आजोबांनी त्या चौकटींसकट काढून आणल्या, त्यामुळे त्या बदलायचा प्रश्नच नव्हता. एका खोलीत एसी बसला, विजेचं बिल वाढलं आणि भर उन्हाळ्यात मिस्त्रीने घरातल्या सगळ्याच खिडक्यांना फोमच्या जाड पट्ट्या मारल्या, कोपऱ्यांत सिलिकॉन भरलं. पाऊस लागला तशी लाकडं फुगली, झडपा चौकटीत अडकल्या. मग त्यांना रंधा मारावा लागला. पुढच्या उन्हाळ्यात फटी पहिल्यापेक्षा रुंद झाल्या. फोमने पाणी धरून ठेवल्यामुळे चौकटीचं खालचं लाकूड कुजायला लागलं आणि कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडली.

खरा धोका त्याच पावसाळ्यात कळला. इकडे आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवतात. आई नेहमीप्रमाणे तेच करत बसली होती. पूर्वी खिडकीच्या फटींतून वारा खेळायचा, आता तो बंद होता. तिचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उठताना तोल गेला. धूर दिसत नव्हता, म्हणून निखाऱ्यांचा संशय कुणालाच आला नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. दार उघडून तिला ओटीवर आणलं तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

म्हणून आधी खोल्या वेगळ्या करा. स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेगडी किंवा गॅसचा गीझर असलेली जागा, इथल्या फटींना हात लावू नका. हवा बंद करायची ती फक्त एसीच्या खोलीत, आणि तिथे मात्र नीट करा. दमट हवेतलं एक लिटर पाणी काढताना एसीला सुमारे ०.६८ किलोवॅट-तास एवढी उष्णता बाहेर टाकावी लागते. फटींतून ओली हवा येत राहिली तर हे काम संपतच नाही. एसी आणि पंखा बंद करून, वारा असताना चौकटीजवळ अगरबत्ती फिरवा. धूर जिथे हलेल तिथे फट आहे. पट्टी फोमची नको, पोकळ रबराची घ्या. ती दबते आणि पाणी शोषत नाही. पावसाळा सरल्यावर, लाकूड ना फुगलेलं ना वाळलेलं अशा वेळी लावा. काच हलत असेल तर लांबी नव्याने भरा.

दुहेरी काचेचा खर्च आपल्याकडे बहुधा निघत नाही. बाहेर ३३ आणि आत २४ अंश असताना एक चौरस मीटर साध्या काचेतून जेमतेम ५० वॅट उष्णता आत येते. त्याच पश्चिमेच्या काचेवर एप्रिलच्या दुपारी ऊन थेट पडलं तर ५०० वॅटच्या आसपास पडतं, आणि त्यातलं बरंचसं आत शिरतं. आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. बाहेरून बांबूची चटई सोडा, छज्जा पुढे काढा. आपल्या भागात बांबूला तोटा नाही.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८च्या इको निवास संहितेतही उष्ण-दमट भागातल्या घरांना उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के सांगितलं आहे. वीज वाचवण्याचा सरकारी नियमच खिडक्या उघडता याव्यात म्हणतो, हे मिस्त्रीला आवर्जून सांगा.

आणि बंद खोलीत शेगडीजवळ कुणाचं डोकं दुखलं, चक्कर आली, तर कारण शोधत बसू नका. त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि तसंच दवाखान्यात न्या.