रंग शेवटी, ब्रेक आधी

अगं, जीप दारात आली हे ऐकून फार बरं वाटलं. पण फोनवर तू पहिलं काय विचारलंस, तर रंग कुठला देऊ! रंग अगदी शेवटी, बाळा. आणि लष्करी हिरवा मनात असेल तर तो आत्ताच काढून टाक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय.

गाडी मात्र तू चांगली निवडलीस. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली ही एमएम 540. 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, लॅडर चेसी, खाली पाटे. जवळजवळ सगळं पान्याने उघडतं. पार्ट अजून मिळतात, आणि एखादा नाहीच मिळाला तर कोल्हापुरात उद्यमनगरातला लेथवाला आहेच. म्हणूनच हे काम अंगणात होऊ शकतं. पण त्या सोपेपणानेच माणूस फसतो. एका रविवारी उत्साहाने सगळी गाडी खोलायची, नटबोल्ट एका बादलीत टाकायचे, आणि मग ताडपत्रीखाली सांगाड्याचे दोन पावसाळे जायचे. किती घरांतून बघितलंय मी हे. तू एका वेळी एकच भाग उघड, पुरा कर, बसव, मग पुढच्याला हात घाल.

सुरुवात चेसीपासून. चिखल धुऊन काढ आणि लहान हातोडीने ठोकत ठोकत पुढे जा. धड लोखंड टणकन वाजतं, गंजाने खाल्लेलं बद्द वाजतं. पाट्यांचे हँगर जिथे चेसीला बसतात तिथे आणि मागच्या आडव्या मेंबरजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक रोवून बघ. आत शिरलं तर तिथलं वेल्डिंग चांगल्या माणसाकडूनच करून घे. लांबी लावून रंग मारलेला गंज आतून खातच राहतो.

मग ब्रेक. इथे एक पैसाही वाचवू नकोस. बऱ्याच जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तुझ्या गाडीत तसा निघाला तर दोन सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडर बसव. सगळ्या सुधारणांत मला ही पहिली वाटते. व्हील सिलिंडर, रबरी होज, लायनर नवेच घे, ड्रम टर्न करून घे. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ओल्या फडक्याने पूस.

हवा काढायला दोघं लागतात. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा आटा सैल करायचा. निपलला पारदर्शक नळी लाव आणि तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडव. नळीतून बुडबुडे येताना दिसतील. निपल आवळल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. अधूनमधून टाकीतलं ऑइल बघत राहा. महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा वापरू नकोस, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. दोन भक्कम घोड्या आण, चाकांना लाकडी उटी लाव, मगच आत शीर. हे मला वचन म्हणून दे.

स्टिअरिंगसाठी पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलव. खडखडलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनची बेअरिंग गेली. टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुश त्याच फेरीत बघ. हे दुरुस्त न करता लांब शॅकल टाकून गाडी उंच केलीस, तर ॲक्सलचा कोन बदलतो आणि आधीच ढिलं असलेलं स्टिअरिंग आणखी भिरभिरतं.

फोर-व्हीलबाबत एक गोष्ट हटकून तपास. इतक्या वर्षांत कुणीतरी एखादा ॲक्सल बदललेला असतो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा रेशो सारखा नसेल तर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसची वाट लागते. एका ॲक्सलची दोन्ही चाकं उचल, खडूने खूण कर, दोन्ही एकत्र एक फेरा फिरव आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोज. पुढे आणि मागे आकडा एकच यायला हवा. टायरही चारही एकाच मापाचे. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचंच नाही. या गाडीला मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर सगळा पीळ गिअरांवर येतो.

हेडलाइटना रिले, नवं वायरिंग, सीट बेल्ट, हे जरूर कर. ब्रेकला बूस्टर लावलास तर त्यासोबत व्हॅक्यूम पंपही लागेल, कारण डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. पुढचा लोखंडी बुल बार मात्र नको. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि धडकेत पायी चालणाऱ्याचा जीव त्यानेच जातो. दुसरं इंजिन टाकायचा मोह झाला तर आधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात हे स्पष्ट आहे.

म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी बुक काढ. चेसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर स्वतः घासून त्याच्याशी ताडून बघ. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी एका वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि त्याआधी गाडीची तपासणी होते. तिथे ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे बघतात.